बघ्यांना बंदी

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी मैत्रिणी नंबरची वाट बघत होत्या.

"गुडघ्याला काय झालं गं?"

"वस्तीतल्या खेळाच्या हॉलमध्ये पडले."

"तू? तिथे तर तुझी लेक जाते ना, बास्केटबॉलला?"

"तिलाच ओढून आणायला गेले होते. म्हटलं, पुरे झाली थेरं. पण तिथे नुसतं बघत उभं राहायचं नाही. आत आलं की खेळायचंच."

"हे काय भलतंच?"

"टवाळ पोरं दारात उभी राहून पोरींना न्याहाळायची, म्हणून. मी तोंड उघडायच्या आत कोचबाईंनी माझ्या हातात बॉल कोंबला."

"आणि लेक?"

"म्हणाली, 'आई, घाबरू नकोस, मी आहे.' घरात चार शब्द बोलत नाही गं."

"मग आता तिचं खेळणं बंद?"

"छे! डॉक्टरांना एवढंच विचारायचंय, शनिवारपर्यंत मला पळता येईल का."