शिनाण्यांचे दोर

बिझर्तला जाणारी गाडी प्रवाशांनी भरल्याशिवाय सुटणार नव्हती. माझ्या मागच्या बाकावर नझीहा आणि तिची नणंद बसल्या होत्या. नझीहाचा नवरा तिजानी खाडीत आपल्याच शिनाण्यांच्या, म्हणजे पाण्यात टांगून वाढवायच्या शिंपल्यांच्या, दोरांत अडकून बुडाला, त्याला चाळीस दिवस झाले होते.

“बारा वर्षं दोर लावत होता गं तो. पाणी तापलं की शिनाणे मरतात, हे त्याला कुणी शिकवायला हवं होतं का?” नणंद म्हणाली.

“नाही, ताई.”

“शेजारच्या हमादीनं जुलैतच सगळे काढले. मग हा कशाला थांबला?”

“अजून पंधरा दिवसांत चांगले भरले असते.”

“बरं, मेले तर मेले. कुजलेले दोर कापायला एकट्यानं उतरायचं काय अडलं होतं?”

“घाण हमादीच्या नव्या दोरांना लागेल, म्हणाला. आपली आहे, आपणच काढायची.”

“तुझं ऐकलं असतं, तर आज असता.”

“माझं?”

“शिनाणे मेले त्या दिवशी आईसमोर सांगितलं त्यानं. म्हणाला, नझीहा रोज सांगत होती, आता काढून टाक. मीच हट्टाला पेटलो. तिला कुणी बोल लावू नका.”



“असं म्हणाला?”

“याच शब्दांत.”

“ताई, तो जुलैतच काढायला निघाला होता. टोपल्या होडीत ठेवून झाल्या होत्या. मीच किनाऱ्यावरून हाक मारून त्याला परत बोलावलं.”