नववा आलेख

हॅलो? … मावशी, एक मिनिट, हातात तुझाच केक आहे… ठेवते खाली… हं, बोल.

हो गं, मिळाला. सकाळच्या बसनं आला. ड्रायव्हरनं मांडीवर घेऊन आणला की काय, क्रीमला धक्कासुद्धा नाही!

नाही, अजून सुरू नाही झालं. लोक येतायत. पुढे माझा पडदा, मागे कॉफी आणि तुझा केक. प्रबंध कोण ऐकतंय, सगळे केकवर डोळा ठेवून बसलेत.

हो, हो… शर्टाला इस्त्री केलीय. केसही विंचरलेत. मावशी, मी मास्टर्सचा प्रबंध मांडायला उभी राहतेय, बोहल्यावर नाही.

तुझा आवाज असा का येतोय? … घुमतोय. … ऑफिसचा फोन स्पीकरवर ठेवलायस? … का?

शेजारी बिरगेर बसलेत ना?

वाटलंच मला. नमस्कार, बिरगेर! … नाही, तुम्ही नका बोलू. कंपनीचे मालक तुम्ही, पण फोन करायला माझ्या मावशीला बसवलंत ना? मग तिलाच बोलू द्या.

हं, सांग मावशी. काय म्हणतायत साहेब?

काय? … नववा आलेख? … काढून टाकू? … आत्ता?

"पुढील अभ्यासाची गरज आहे" असं म्हणू? मावशी, हे तुझे शब्द नव्हेत गं. तू जन्मात कधी असं बोलली नाहीस. तू म्हणतेस, "बघू मग."

अगं ऐक ना… ऐकून तर घे…

लहानशी गोष्ट नाहीये ती. बटण दाबलं आणि मदतीचा निरोप गेलाच नाही, ही लहान गोष्ट? अख्ख्या नगरपालिकेच्या हद्दीतल्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात तुमच्या कंपनीचं ते बटण आहे. पडलात तर दाबा, कुणीतरी धावून येईल. एवढ्याचसाठी ना ते?

हो, चालतं. घरात चालतं. स्वयंपाकघरात पडा, न्हाणीघरात पडा, झकास चालतं. बाहेर कडाक्याच्या थंडीत चालत नाही. आपली जुनी गाडी आठव. हिवाळ्यात किल्ली फिरवली की दिवे कसे मंद व्हायचे? तसंच. बॅटरी गारठलेली असते, निरोप पाठवायला एकदम जोर लागतो, तेवढ्यात आतली चिप बंद पडून पुन्हा सुरू होते. आणि सुरू झाली की तिला आठवतच नाही कुणी बटण दाबलं होतं ते! वर हिरवा दिवा लागतो, मजेत. पडलेला माणूस बिचारा वाट बघत पडून राहतो.

नाही, अंदाज नाही बांधला. फ्रीझरमध्ये ठेवून मोजलंय. मग गच्चीवर, खऱ्या बर्फात मोजलंय. बोटं सुजली होती माझी, फोटो पाठवला होता तुला.

जानेवारीतच सांगितलं! बिरगेरना विचार. "लिहून ठेव, बघू," म्हणाले. मी लिहून ठेवलं. तोच नववा आलेख.

हं… हं… नोकरी. येणारच होती ही गोष्ट.

मे महिन्यापासूनची नोकरी नाही मिळणार, असंच ना? … बरं. नको.

नको म्हटलं! … मला कळतंय मावशी. तू शब्द टाकलास म्हणून कंपनीत प्रबंधासाठी टेबल मिळालं, यंत्रं मिळाली. विसरलेले नाही. तुझ्या शेजारची खोलीसुद्धा ठरवली होती मी, पडदे कुठले लावायचे तेसुद्धा. वाईट वाटतंय मला, खूप वाटतंय. पण इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर असलं सगळं डोक्यात भरून मी शेवटी शिकायचं काय, तर आलेख लपवायला? ते तर न शिकताही जमलं असतं.

पदवी कशी अडवतील ते? पदवी परीक्षक देतात, कंपनी नाही.

आणि आता काढून उपयोग काय? माझ्या विरोधकानं वाचलाय तो. … अगं विरोधक, हेदविग. मागे सांगितलं होतं ना, प्रत्येक प्रबंधाला आमच्यातलाच एक विद्यार्थी नेमतात, सगळ्यांसमोर चुका काढायला? तूच म्हणालीस, म्हणजे फुकटची सासू.



मावशी?

… काय केलं? … बिरगेरनी हेदविगला फोन केला? घरी? … नंबर, पत्ता, वाढदिवस, सगळं इंटरनेटवर आहे, ठाऊक आहे मला, इथं सगळ्यांचंच असतं. म्हणून करायचा? काय म्हणालात तिला, बिरगेर? नवव्या आलेखावर काही विचारू नका?

अरे देवा! … हसू नाही तर काय करू? काल दुपारी ती धावत आली माझ्याकडे. म्हणाली, एम्ब्ला, नवव्या आलेखात आहे तरी काय? तिनं तो धड पाहिलाही नव्हता! तुमचा फोन आला आणि बसली त्यावर मुक्काम ठोकून. आता तिचा पहिला प्रश्न तोच आहे. तुमच्याच कृपेनं.

हं, आता बोला. … काय? … अंगावर असतं, जाकिटाच्या आत ऊब असते, म्हणून चालतं? बरोबर. आत असलं तर चालतं.

मावशी, आता तू सांग. आजोबांचं कुठे असतं?

बटण गं, आजोबांचं बटण. कुठे अडकवतात?

दोरीनं मानेला खाज येते म्हणून आत घालत नाहीत. हो ना? मग तू काय केलंस?

… बाहीवर पट्टी शिवून दिलीस. बाहेरून. निळ्या दोऱ्यानं.

नाही, तुला दोष देत नाही… रडवायला नाही म्हणत… मी नाताळातच सांगितलं होतं त्यांना, बर्फावर जाताना त्याच्या भरवशावर राहू नका. मला म्हणाले, "तुझी मावशी त्याच कंपनीत आहे, ती म्हणते चालतं, म्हणजे चालतं." माझ्या आलेखापेक्षा तुझ्या शब्दाला वजन आहे त्या घरात.

बघ, आत्ता फोन कर त्यांना. म्हणावं, जरा दारात उभे राहून बटण दाबा. निरोप तुझ्याच फोनवर येतो ना? येतो का बघू.

… घरी नाहीत?

कुठे गेलेत? … ऑफिसपलीकडच्या तळ्यावर? आज? … मासे धरायला, हो, पण एकटे? … आणि फोन?

स्वयंपाकघरातच. असणारच. फोन वाजला की मासे पळतात.

तिकडे थंडी किती आहे? … खिडकीबाहेरचा थर्मामीटर बघ ना… उणे अठरा?

नाही, तसं काही झालं नसेल गं. बसले असतील तळ्यावरच्या बर्फातल्या भोकात गळ टाकून, न येणाऱ्या माशाला शिव्या देत. मी म्हणतेय का काही झालंय? मी फक्त एवढंच म्हणते, की काही झालं तर…

मावशी?

… मावशी, ऐकतेयस ना? खुर्ची पडली का? … हॅलो?

कोण? … बिरगेर. मावशी कुठाय?

गेली?

गाडीची किल्ली घेऊन गेली? … कोट न घालता?

अच्छा.

नाही, तुम्ही बोला की. मला वेळ आहे, परीक्षक अजून कॉफी ओततायत. … बटण पूर्ण सुरक्षित आहे. हं. … हजारो विकली, एक तक्रार नाही. हं. … फ्रीझरमधल्या प्रयोगाला काही अर्थ नसतो. हं… हं…

एकच विचारू, बिरगेर?

तुमचं बटण चालतं ना? मग मावशी पळाली का?

…



तिनं तुमच्या ऑफिसात केस पांढरे केले. तुमची पत्रकं तिनं लिहिली, नगरपालिकेत जाऊन बटणं तिनं गळी उतरवली. माझा आलेख तिनं पाहिलेलाही नाही. आणि तुमच्या डोळ्यांदेखत, बापाच्या बाहीवर तुमचं बटण असताना, ती तळ्याकडे धावलीय. याहून मोठा विरोधक मला कुठून मिळणार?

… नाही. नाही काढणार. … उशीर होतोय मला.

नोकरी दुसऱ्या कुणाला द्या. आणि त्या बटणांचं काय करायचं ते आजच ठरवा, नाहीतर संध्याकाळी प्रबंध विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढला की लोक ठरवतील. … धमकी कसली? इथला नियम आहे, प्रबंध सगळ्यांना वाचायला खुला असतो.

थांबा, दुसरा फोन येतोय. मावशीचा… हॅलो, मावशी? … सापडले? … तिथेच बसलेत? … काय म्हणतायत? … शिव्या देतायत! मासा पळवलास म्हणून? … देऊ देत गं, देऊ देत… अगं रडतेस काय वेड्यासारखी, मीही रडायला लागेन, आणि इथं सगळे बघतायत…

काय? दाबून बघितलंस? तिथे, बर्फावर? … आणि?

… हिरवा लागला. आणि तुझ्या फोनवर काहीच नाही.

हं.

नको, आता काही बोलू नकोस. त्यांना गाडीत बसव, हीटर लाव. … हो, तो नववा आलेख मी आधीच पडद्यावर लावून ठेवलाय. हेदविग खूण करतेय, सुरू करायचंय. … नाही काढणार गं, तू सांगितलंस तरी… काय?

… मोठा करून दाखवू?

दाखवते, मावशी. ठेव आता.