चांदणी चार कॉलम, दादा दोन ओळी

...आणि वय पण अचूक छापलंय बघा, बिबट्याच्या मादीचं! 'साडेतीन वर्षांची चांदणी.' साडेतीन! वरचं अर्धं पण सोडलं नाय. नाव चांदणी, आईचं नाव रोहिणी, गळ्यात पट्टा, पट्ट्यात मशीन, माळशेजच्या डोंगरातून निघाली की तिकडं मुंबईत कुणीतरी कम्प्युटरवर बघतोय, आता म्याडम पाण्यावर उतरल्या... चार कॉलम, रंगीत फोटो! आणि त्याच पेपरात, पाचव्या पानावर, खाली कोपऱ्यात, केसगळतीच्या जाहिरातीला टेकून माझा दादा. दोन ओळी. 'शेणव्याजवळ नव्या हायवेवर वाहनाच्या धडकेत अनोळखी वृद्ध ठार. वाहतूक अर्धा तास विस्कळीत.' अनोळखी! अहो, तुमाला सांगतो, शेणव्यापासून म्हशापर्यंत एक टपरी दाखवा जिथं सावळारामदादानं फुकटचा चहा प्यालेला नाय! अनोळखी म्हणे!

तसाच पेपर घेऊन गेलो शहापूरला, सुयोगकडं. सुयोग म्हंजे आमच्या भागाचा पत्रकार, बाजारात मोबाईल रिपेरीचं दुकान हाय, गिऱ्हाईक नसलं की बातमी पाठवतो. बोललो, बाबा सुयोग, नाव तरी टाकायचंस! तर तो मान पण वर न करता, हातातल्या मोबाईलचं पोट फाडता फाडता बोलतो, "काका, मी पाठवलंतं. वर कापलं. जागा नव्हती." जागा नव्हती! विस्कळीत वाहतुकीला जागा होती.

माझं काय चांदणीशी वैर नाय, हां! सकाळी ती गाडीखाली गेली, संध्याकाळी दादा गेला, एकच हायवे, एकच वळण. दादानंच बघितलीती तिला एकदा, आमच्या शेताच्या बांधावर. मी ओरडणार तर माझं तोंड दाबलं, "गप रे चंदर, ती तिच्या वाटेनं चाललीय." असा माणूस. आणि मला सांगा, तिच्यासाठी त्या हायवेवरून केवढा पूल बांधलाय! वर माती, मातीत गवत, झाडं... जनावरांनी आरामात पलीकडं जावं म्हणून. पण तिला कुणी सांगितलंच नाय, की बाई, हा पूल तुझ्यासाठी हाय. ती गेली खालून. आणि आमाला मात्र भलामोठा बोर्ड लावून सांगितलं, की हा पूल तुमच्यासाठी नाय! माणसांचा बोगदा कुठं? तिकडं लांब, त्यात कंबरभर पाणी. दुसरा द्या बोललो, तर हायवेचे साहेब बोलले, नकाशात जागा नाय. घ्या!

मंग माणसं काय करणार? दादा कानानं रस्ता ओलांडायचा. हसू नका, खरं सांगतो! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान असले तेज... कडेला उभा राहायचा, टोपी कानावरून वर सारायचा, डोळे मिटायचा. "थांब, टँकर येतोय. भरलेला हाय." आणि यायचा टँकर, खरंच भरलेला! "आता ट्रक. रिकामा. मागचं फाळकं ढिलं हाय." खडखडत ट्रक जायचा आणि मंग दादा माझा हात धरून पलीकडं. मला डोळे असून हात त्यानं धरायचा.

त्या दिवशी म्हशाच्या जत्रेतून येत होता. बैल घ्यायचा नाय काय नाय, नुसती बैलांची तोंडं उघडून दात बघायचे आणि मालकाला सुनवायचं, "वय चोरतोस काय रे?" एवढ्यासाठी दरवर्षी म्हसा! तर रिक्षातून उतरला, कडेला उभा राहिला, टोपी वर सारली, ऐकलं. काय नाय. सगळं शांत. उतरला रस्त्यावर... आणि गाडी आली ती ब्याटरीवरची. आवाजच नाय हो तिला! गाडीवाला पळाला नाय, खोटं कशाला बोलू, तिथंच डोकं धरून बसलाता. पण दादाच्या कानानं त्याला आयुष्यात पहिल्यांदा फसवलं, आणि तेवढं एकदाच पुरलं.

आता गंमत ऐका! त्याच पेपरात सातवं पान. अख्खं पान त्या नव्या गाड्यांवर. मथळा काय? 'ना धूर, ना आवाज... कधी आली, कळणारही नाही!' दादाला पण नाय कळलं. अगदी खरं छापलंय, पायजे तर मी सही करून देतो! खाली कुणी विद्वान लिहितो, ह्या गाड्यांमुळं रस्त्याकडेच्या पाखरांचा ताण कमी झाला. झाला ना? बरं झालं. घरी येऊन टीव्ही लावला, तिथं एक च्यानल बोलतं, ह्या गाड्या पृथ्वी वाचवणार. दुसरं बोलतं, छे, ब्याटरीपायी पृथ्वी खणून काढली. तिसऱ्यावर चांदणीसाठी मेणबत्त्या! चौथ्यावर तो जनावरांचा पूल, वरून ड्रोन फिरतोय, मागं सनई. मी बटण दाबतोय, दाबतोय... दादा कुठंच नाय.

परत सुयोग! बोललो, पर्यावरणाच्या पानावर टाक. "काका, ते जनावरांचं." मंग वाहतुकीच्या? "ते गाड्यांचं." मंग माणसाचं पान कुठलं रे बाबा? तेव्हा जरा गडबडला. बोलला, "फोटो आणा, निधनात टाकू." आता दादाचा फोटो कुठला? आधारकार्डावर हाय तो चोर पकडल्यासारखा! शेवटी माझ्या पोराच्या, दीपेशच्या लग्नातल्या गर्दीतून स्टुडिओवाल्यानं दादाचं मुंडकं काढलं आणि स्वतःच्या अकलेनं खाली कोट घातला. कोट! टाय! गोजरवहिनीनं फ्रेम हातात घेतली, बघितलं, आणि बोलली, "हे कुठल्या हापिसात लागले?" आणि हसली. हसता हसता तिथंच स्टुलावर बसली आणि जी रडली, जी रडली... स्टुडिओवाला बिचारा बोलतो, मावशी, कोट काढून देतो. ती बोलली, राहू दे, थंडीचे दिवस हायत.

फ्रेम घेऊन तसेच सुयोगकडं. त्यानं मोबाईलवर फोटो मारला, बोलला, बघतो काका, पण उद्याचं कठीण हाय, हायवेला वर्ष झालं, पानभर जाहिरात हाय. जागा नाय.

निघालो घरी. रिक्षानं सोडलं हायवेच्या ह्या बाजूला. वहिनी कडेला उभी, फ्रेम छातीशी. एक गाडी गेली, दुसरी गेली... मला बोलली, "भावजी, मला काय ऐकायलाच येत नाय हो." तिला घेऊन कसा उतरू मी त्या रस्त्यावर? मंग नेली जनावरांच्या पुलावरून. बोर्ड मागं टाकला आणि चढलो. वर काय शांत, तुमाला सांगतो! गवत, करवंदीची झुडपं, खाली गाड्या सूं सूं. वहिनी बोलली, ह्यांना पण इथूनच आणायला पायजे होतं. एका खांबावर कसली पेटी होती, लाल दिवा मिचकला. आमाला काय ठाऊक!

चौथ्या दिवशी सुयोगचाच फोन, "काका, पहिलं पान बघा!" पहिलं पान! चार कॉलम! रंगीत! 'वन्यजीव पुलावर माणसांची घुसखोरी.' पुढं मी, मागं वहिनी, आणि वहिनीच्या छातीशी कोट-टायमधला दादा, कॅमेऱ्याकडं बघतोय. ती पेटी म्हंजे कॅमेरा, आणि त्याला जोडलेला कम्प्युटर आपला आपण मोजतो म्हणे, कोण कोण गेलं ते. माझ्या तोंडाला चौकट, वहिनीच्या तोंडाला चौकट, दादाच्या तोंडाला चौकट. खाली छापलंय, 'अत्याधुनिक यंत्रणेने टिपलेले तीन घुसखोर, दोन पुरुष, एक स्त्री.' नाव? नाव कुणाचंच नाय.

दुपारी वनखात्याचा गार्ड दारात. "तिघांना समज द्यायचीय. तिसरा कुठंय? बोलवा." मी भिंतीकडं बोट केलं. फ्रेमला ताजा हार होता. गार्ड बघत राहिला, पोरगेलासा होता, त्यानं टोपी काढली. हळूच बोलला, "चूक झाली. दोनच करतो." तर वहिनी पुढं झाली, "नको रे बाबा. मोजलेत ना तुमी? मंग असू देत तीन."

त्यानं तीनच ठेवले. पण नोकरी त्याची, बोलायचं ते बोलावंच लागतं, म्हणून खाली मान घालून बोलला, "पुन्हा त्या पुलावर दिसले, तर कारवाई होईल."

मी बोललो, साहेब, आमी दोघं काय दिसूच, आमाला दुसरी वाट नाय. पण दादा दिसला, तर कारवाई मागून करा... आधी आमाला कळवा.