पहिल्या फेरीचा मान

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. बालाघाट स्थानकावरील पार्सल कार्यालयासमोरच्या बाकावर आम्ही तिघे होतो : मी, आणि गोंदियाच्या गाडीची वाट पाहणारे दोन भाऊ, थोरले शालिकराम व धाकटे दुलीचंद.

"काहून रे दुली, दोन सीटाचं जुनं विमान घेतलं, अन् गावभर पेढे वाटले?"

"दादा, माह्या मयुरीले कमर्शियल लायसन्ससाठी दोनशे घंटे उडवा लागते. भाड्याच्या विमानानं बाप विकला जाते. म्हणून तिनं अन् आणखी दोन पायलटायनं मिळून घेतलं."

"अन् हँगरचं भाडं? विमा? दरसालची तपासणी? उडो का न उडो, ते खातच राहीन. माह्या ट्रॅक्टरले तं झाडाची सावली पुरते."

"हौ दादा. पण ट्रॅक्टर उडत नाही."

"दात काढू नको. आज गोंदियाले पयल्या फेरीत पोरीच्या बाजूले कोण बसून राह्यलं?"

"मयुरीचा मामा."

"मामा? ट्रॅक्टर आणला तवा पयल्या फेरीले म्या तुले बसवलं होतं. घरचा मोठा कोण, मी का तुहा साळा?"

"तुमीच म्हणलं होतं, फुकटातबी बसत नाही."

"तवा मामा कुठी होता मधात?"

"पोरगी तं म्हणते, पयला मान मोठ्याबाबाचा, म्हंजे तुमचा. फक्त वजन नव्वद किलोच्या आत पायजे."

"असं म्हणाली? धर माह्या चपला. मोबाइलबी धर."

शालिकराम पार्सलच्या काट्यावर श्वास रोखून उभे राहिले.

सत्त्याण्णव किलो.