एकविसावा प्रश्न

"माझा नविन आमदारांना रांगेत उभं करतो."

हे वाक्य मी अकरा वर्षांची असताना चिंचणीच्या मासळी बाजारात ऐकलं. काळीमावशी एका हाताने बोंबील मोजत होत्या आणि दुसऱ्या हाताने, मुलाला मुंबईत विधानमंडळ सचिवालयात नोकरी लागल्याचं, गिऱ्हाइकाला पटवत होत्या. गिऱ्हाईक म्हणालं, "आमदार उभे राहतात होय?" मावशी म्हणाल्या, "नाय राहिले तर नंबर जातो."

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन नारूभाऊ मेहेर, तलासरीहून मुद्दाम आलेले निवृत्त मुख्याध्यापक रावते सर, सत्कारमूर्ती नविनदादा तामोरे, त्यांच्या पत्नी पुष्पावहिनी, पहिल्या रांगेत बसलेल्या आणि माझ्याकडे संशयाने बघणाऱ्या काळीमावशी, आणि चिंचणी, घोलवड, सरावलीहून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सगळ्यांना नमस्कार. अध्यक्षांच्या आधी मावशींचं वाक्य आलं, हा क्रमभंग झाला. नविनदादांनी तो टिपून घेतला असणार.

चौतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. विधानसभेत उद्या कोणता विषय आधी, कोणता नंतर, प्रश्नोत्तराचा तास कधी संपतो, लक्षवेधी सूचना कधी येतात, विधेयकाला किती वेळ, हे सगळं एका कागदावर येतं. त्याला दिवसाच्या कामकाजाचा क्रम म्हणतात. कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा ते कामकाज सल्लागार समिती ठरवते. तिचं ठरलं की आपल्या दादांच्या टेबलावर कागद तयार होतो. सभागृहात भाषणं करणाऱ्यांचे फोटो पेपरात येतात. कागद करणाऱ्याचा कधी आला? आज येईल. स्वप्निल, काढ रे एक, पण त्यांनी चष्मा लावल्यावर काढ.

आता ज्या गोष्टीसाठी तुम्ही सगळे गालातल्या गालात हसताय, त्या गोष्टीकडे येते.

दोन हजार पंधराचं अधिवेशन. आपल्या बायका तेव्हा वाळूवर मासळी सुकवायच्या. जोराचा वारा आला की निम्मी सुकट वाळूसकट गोळा करावी लागे. सिमेंटचा ओटा हवा, म्हणून अर्ज देऊन देऊन माझं अक्षर बिघडलं. शेवटी एका आमदारांनी ओट्याचा तारांकित प्रश्न दिला, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचा. प्रश्न लागला, तारीख कळली, प्रेक्षक गॅलरीचे पास आले. आम्ही चौदा बायका मासळीच्या टेम्पोने निघालो आणि सकाळी सहाला विधान भवनाच्या दारात हजर झालो.

सहाला का? सभागृह तर अकराला. सांगते. आपल्याकडे लिलावाला जी बाई आधी येते ती आपली मासळीची पाटी रांगेत ठेवते. मग ती चहाला जाओ, घरी जाओ, पाटी आहे म्हणजे नंबर आहे. आमच्यातल्या रूपीकाकींनी रिकामी पाटी सोबत आणली होती. ती त्यांनी फाटकाच्या बरोबर समोर ठेवली. वर नारळ.

पोलीस धावत आला. "ओ बाई, हे काय?"

"नंबर."

"कशाचा?"

"ओट्याच्या प्रश्नाचा. आमच्यापुढं कोण नाय ना?"

त्याने नारळ उचलून, हलवून, कानाला लावून बघितला. काकी म्हणाल्या, "ताजा हाय. पाहिजे तर फोडून देते, पण नंबर नाय सोडणार."

आठ वाजता नविनदादा आले. त्यांना फाटकापाशी स्वतःची आई पाटीजवळ बसलेली दिसली. तेव्हाचा त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तीस वर्षं ज्या दारातून ते मान खाली घालून आत गेले, त्या दारात आख्खी चिंचणी फतकल मारून बसली होती.

"आई, तू इथे?"

"तूच यादी करतोस ना? कितवे आपण?"

दादांनी पिशवीतून छापलेली यादी काढली. "एकविसावे."

"आम्ही तर सगळ्यांच्या आधी आलो!"

"इथं आधी येऊन नंबर लागत नाही, आई. चिठ्ठ्या पडतात. त्या मागेच पडल्या."

"मग आपली चिठ्ठी वर ठेवायची."

दादांनी आधी पाटी उचलून सावलीत ठेवली, मग आईला हात देऊन उठवलं, आणि आम्हा चौदा जणींना चहा पाजून ते कामाला गेले.

प्रश्नोत्तराचा तास सहाव्या प्रश्नावर संपला. आम्हाला वाटलं, जेवणानंतर पुढचे होतील. आम्ही बसून राहिलो. तासाभराने रूपीकाकींनी गॅलरीतून शेजारणीला मोठ्याने विचारलं, "हे लोक आता दुसरंच कायतरी बोलतायत, आपला कधी?" मग आम्हाला अतिशय अदबीने बाहेर नेण्यात आलं.

काळीमावशी पुढे महिनाभर मुलाशी बोलल्या नाहीत. दादा सुट्टीला घरी आले की मावशी सुनेला सांगत, "पुष्पा, त्या साहेबांना विचार, कालवण वाढू का त्यांच्या यादीत नाय?" आणि एवढा मोठा अधिकारी खाली मान घालून बायकोला म्हणे, "सांग, आहे." वहिनी, हसू नका, तुम्हीच मला सांगितलंय.

राग मलाही आला होता. खरं सांगते, मावशींपेक्षा कमी नव्हता. घरचा माणूस आत बसलाय आणि त्याला एक कागद वर सरकवता येऊ नये? मी एका रविवारी भांडायलाच गेले. दादा ओसरीत बसले होते. मी म्हटलं, "तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

ते म्हणाले, "वाटलं. रोज वाटतं." आणि पुढे म्हणाले, "त्या दिवशी विसावा प्रश्न एका आश्रमशाळेच्या पाण्याचा होता. लांबची शाळा आहे. तिथून कुणाला येता आलं नव्हतं. पाळी त्याचीही आली नाही. पण मी आपला वर सरकवला असता, तर तो मी खाली ढकलला असता. आणि त्या पोरांना कळलंही नसतं, कुणी ढकलला ते."

मी भांडायला आले होते, ते विसरले. आजही कधी रांगेत कुणी ओळखीचा मला पुढे बोलावतो, तेव्हा माझे पाय जरा जड होतात. हे ऋण आहे की त्रास, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुंबईला निघताना दादांनी सभागृहाच्या नियमांचं पुस्तक आईसमोर ठेवलं. पानात खूण म्हणून नारळाच्या झावळीची काडी. मावशींनी ते माझ्याकडे ढकललं. "वाच. माझा पोरगा तोंडाने सांगत नाय, पुस्तकात घालून देतो." ते पुस्तक कुणालाही मिळतं. दादांनी जे दाखवलं, ते कुणी विचारलं असतं तरी दाखवलं असतं. पण आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

काडीच्या पानावर लिहिलं होतं की ज्या प्रश्नाची पाळी येत नाही, त्याचं उत्तरही छापून सभागृहासमोर ठेवलं जातं. त्या उत्तराने समाधान झालं नाही, तर सदस्याला त्यावर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. आमचं उत्तर आलेलंच होतं: "बाब तपासण्यात येत आहे." समाधान व्हायचा प्रश्नच नव्हता! आम्ही आमदारांकडे गेलो, त्यांनी सूचना दिली. पुन्हा चिठ्ठ्या. पहिल्यांदा पडली नाही. दुसऱ्यांदा पडली नाही. तिसऱ्यांदा पडली.

ती चर्चा दिवसाचं सगळं काम संपल्यावर झाली. सभागृहात मोजून नऊ सदस्य, आणि वर गॅलरीत आम्ही पंधरा. रूपीकाकींनी तोंडाला पदर लावून ठेवला होता. मंत्र्यांनी ओट्याचं आश्वासन दिलं. बाहेर आल्यावर काळीमावशी मुलाला महिन्यानंतरचं पहिलं वाक्य बोलल्या: "रोज इतका उशीर होतो तुला? जेवतोस कधी?"

दोन वर्षांनी ओटा झाला. आज सकाळी तुम्ही त्याच्यावरूनच चालत आलात.

पण तो वीस जणींचा ओटा आहे आणि आपण साठ जणी आहोत. उरलेल्या चाळीस जणी अजून वाळूवर आहेत. पाळ्या लावायच्या की दुसरा ओटा मागायचा, हा विषय सोसायटीच्या सभेत गेल्या दोन वर्षांत नऊ वेळा आला, नऊही वेळा शेवटी आला, आणि नऊही वेळा भरती लागली म्हणून पुरुषमंडळी होड्यांकडे गेली. नारूभाऊ, तुम्हाला दोष देत नाही. पाणी कुणासाठी थांबत नाही. पण विषयही थांबून थांबून थकतो.

नविनदादा निवृत्त होऊन गावी आले आणि त्यांनी सोसायटीचं मानद सचिवपद घेतलं, याचा आनंद आम्हा बायकांना सगळ्यात जास्त झाला. आठवडाभरच टिकला. परवा त्यांची पहिली नोटीस लागली: यापुढे सदस्यांच्या विषयांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरेल.

घोलवडच्या मंडळींनी चिकूची करंडी दिली, रावते सरांनी वाट वाकडी केली, ज्यांनी खुर्च्या मांडल्या आणि ज्या आज बाजार बुडवून आल्या, त्या सगळ्यांचे आभार. बोलताना मी वेळ जास्त घेतला, कुणाच्या घरातलं चार लोकांत आणलं. मावशी, वहिनी, माझं चुकलं असेल तर पदरात घ्या.

आता एकच मागणं. नविनदादांनी आत्ताच चष्मा काढून पुसायला घेतलाय, म्हणजे उत्तर मला कळलेलं आहे, आणि ते बरोबर असेल हेही कळलेलं आहे. तरी चाळीस जणींनी मला सांगून पाठवलंय, म्हणून सगळ्यांसमोर मागते. दादा, येत्या रविवारी सभा आहे आणि भरती साडेअकराला आहे. ओट्याचा विषय, एकदाच, चिठ्ठी न टाकता पहिला घ्या.