मी गेलो की नेट चालू

...आन् वरून मलाच म्हणत्यात, "नागसेन, तुझ्या हाताला गुण हाय!" कशाचा आलाय गुण? तुम्हाला सांगतो, नेट दुरुस्तीला घनसावंगीहून गाडी हाणत कुंभार पिंपळगावला यायचं, सदरा घामानं भिजलेला, आन् दूध संस्थेच्या ऑफिसात पाय ठेवला रे ठेवला... मी गेलो की नेट चालू!

बरं, नेट जायचं कुणाचं? साऱ्या ऑफिसचं धडाधड चालून राह्यलं, आन् खिडकीवर बसणाऱ्या एकट्या सत्यशीलाबाईचं बंद. तेबी रोज दुपारीच! काय करायचं ठेवलं म्हणता? तार बदलली, कार्ड बदललं, शेवटी साहेबाचा कॉम्प्युटर बाईपुढं आन् बाईचा साहेबापुढं... बिलकुल फरक न्हाई! साहेबाचं मस्त, बाईचं दुपारी गेलंच. फोन आला की पळायचं, आन् मी गेलो की नेट चालू!

एक दिवस अण्णासाहेब, म्हंजी तिथले मॅनेजर, चष्मा कपाळावर चढवून म्हणले, "हे बघा नागसेन, उद्या पुन्हा गेलं, तं परवापासून तुम्ही येऊ नका. जालन्याहून दुसरा माणूस बोलावतो." आली का पंचाईत? घर चालतं हो माझं त्या कामावर!

मंग दुसऱ्या दिवशी सकाळीच गेल्तो. साऱ्या तारा जिथं एका पेटीत येत्यात ना, त्या कपाटामागं दबा धरून बसलो... डास चावून राह्यले, पण हूं न्हाई की चूं न्हाई. दुपार झाली. शिपाई कचरूमामा आले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आन् लेकराच्या पायातला काटा काढावा तशी हळूच बाईची तार काढली!

"मामा! काय करून राह्यले हे?"

"हळू बोल की बाबा! बाईला शुगर हाय. खिडकीवर माणूस उभा असला की उठतच न्हाई. मागं चक्कर येऊन पडल्ती इथंच. सांगून सांगून थकलो... नेट गेलं तरच डबा उघडती. चार घास खाल्ले की लावतो पुन्यांदा."

डोकावून बघितलं, तं बाई खिडकीतल्या म्हाताऱ्याला म्हणून राह्यल्या, "नेट गेलं हो बापू, बसा जरा सावलीला." आन् डबा उघडला. माझ्या डोळ्यात पाणीच आलं... आता तुम्हीच सांगा, हे दुरुस्त कसं करायचं?

साहेबाला म्हणलं, "साहेब, ते वरूनच जातं." वरूनच म्हणलं ना, की साहेब लोक लगेच गप बसत्यात. "असं व्हय? मंग तुम्ही तरी काय करणार!" काम वाचलं.

पण भोग संपले का? परवा कचरूमामाचा फोन. "नागसेन, म्या मोतीबिंदू काढायला चाललो. दुपारची तार तेवढी तुझ्याकडं." म्हंजी बघा, नेट चालू ठेवायचा पगार घेणारा मी, भर उन्हात गाडी हाणत आलो... नेट तोडायला! त्यात गाडी पंक्चर, उशीर झालेला. धापा टाकत कपाटाकडं वळलो, तं बाई खुर्चीतूनच, खिडकीकडं पाठ करून, बारीक आवाजात...

"जल्दी काढ रे नागसेन. भूक लागली मला."

"बाई... म्हंजी तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. दारातल्या माणसाला थांब म्हणवत न्हाई रे मला... नेटवर कोणी रागवत न्हाई. कचरूभाऊला सांगू नको, मनाला लावून घेतील."

घ्या! आता मामा येईस्तोवर रोज दुपारी हेच... मी गेलो की नेट बंद!