हरायची नोकरी

करमाळ्याची गाडी लागायची होती. सोलापूरच्या स्टँडवर चैतालीने कान मागच्या बाकाकडे लावले. तिथं कोंडीबा नावाचे गृहस्थ मुलीसाठी आलेलं स्थळ तपासत होते.

"अभिमन्यूराव, कंपनीत करता काय?"

"ऑनलाइन गेममध्ये नव्या लोकांकडून हरतो, मामा. जिंकले की ते गेम सोडत नाहीत."

"रोज हरता?"

"रोज. आधी एकटाच हरायचो. कंपनी लई वाढली, आता माझ्या हाताखाली चाळीस जण हरतात."

"एखांदा जिंकला तर?"

"नोटीस देतो."

"तुमी कदी जिंकला न्हाय?"

"एकदा, चुकून. लगेच माफी मागितली."

कोंडीबांनी घरी बायकोला फोन लावला.

"अगं, उत्कर्षाचं पक्कं समज. मला शिकायला निम्मा जल्म गेला, ह्यो शिकूनच आलाय."